जुन्या कंपनीनं जादा गेलेला पगार परत मागितला तर

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी बरीच वर्षं मस्टर सांभाळलं, पगार काढले. आता विश्रामबागेत घरीच असते, पण ओळखीपाळखीची पोरं अजून पगाराच्या स्लिपा घेऊन येतात. त्यातला एक प्रकार नेहमीचा. नोकरी सोडून सहा-आठ महिने झालेले असतात, पोरगं चाकणला किंवा हिंजवडीला रुळलेलं असतं, आणि जुन्या कंपनीचं पत्र येतं: "आपणास नजरचुकीने जादा वेतन अदा झाले आहे. सात दिवसांत रक्कम भरावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल."

घरात लगेच दोन तट पडतात. वडील म्हणतात, भरून मोकळा हो, कोर्टाची पायरी नको. मित्र म्हणतात, चूक त्यांची, एक पैसा देऊ नकोस. हिशेब मात्र दोघांपैकी कुणीच बघितलेला नसतो.

माझं मत आधीच सांगते. चुकून आलेला पैसा परत द्यावा लागतो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, त्याच्या कलम ७२मध्ये हे स्पष्ट आहे: चुकीनं मिळालेले पैसे मिळालेल्यानं परत करायचे. त्यामुळे "आले ते आले" हे चालत नाही. पण किती जादा आले, कुठल्या महिन्यात आले, कसे आले, हे दाखवायची जबाबदारी मागणाऱ्याची. वाण्यानं वही न दाखवता उधारी मागितली तर आपण देत नाही, तसंच हे. माझ्या अनुभवात पत्रातला पहिला आकडा क्वचितच बरोबर निघतो, आणि चूक बहुतेक वेळा कंपनीच्या फायद्याची असते. मुद्दाम करतात असं नाही. घाईनं करतात.

जादा पगार जातो कसा, ते समजून घेतलं की पत्र वाचायला सोपं जातं. बऱ्याच ठिकाणी हजेरी २० किंवा २५ तारखेला बंद होते आणि पुढचे दिवस हजर धरूनच पगार निघतो. कुणी मधेच सोडून गेलं आणि राजीनामा मंजूर झाल्याचा कागद एचआरकडून टाइम ऑफिसात उशिरा आला, की पूर्ण महिन्याचा पगार बँकेत. बिनपगारी रजेचा अर्ज सुपरवायझरच्या खिशातच राहतो. पगारवाढीचा फरक एकदा पगारात आणि एकदा वेगळा जातो. जनरल शिफ्टला आलेल्या माणसाचा नाइट अलाउन्स तसाच चालू राहतो. शिल्लक रजेचे पैसे पगारातही पडतात आणि फुल अँड फायनलमध्येही, म्हणजे सोडतानाच्या अंतिम हिशेबातही, पडतात. हे सगळं वर्षाअखेरीला ऑडिटर खाती जुळवायला बसला की बाहेर येतं. म्हणून पत्रं उशिरा येतात, आणि म्हणूनच ती घाईत लिहिलेली असतात, कारण ऑडिटरला "वसुली सुरू आहे" असा कागद दाखवायचा असतो.

पत्र आल्यावर पहिले काही दिवस

पत्र खरं आहे का ते बघा. मेल कंपनीच्या नेहमीच्या पत्त्यावरून आलाय का, पत्रावर सही कुणाची आहे, पैसे कुठे भरायला सांगितलेत. एखाद्या माणसाच्या नावाचा यूपीआय नंबर दिला असेल तर तिथेच थांबा. कंपनीचं येणं कंपनीच्या खात्यात जातं, एचआरच्या माणसाच्या मोबाइलवर जात नाही. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर ऑफिसात फोन करून खात्री करून घ्या.

फोनवर रकमेबद्दल बोलू नका. एचआरचा पोरगा गोड बोलतो, "सर, आत्ता पाच हजार टाका, बाकीचं आपण बघू." नको. मुदत कायदा १९६३चा आहे, त्यात अशा पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात, आणि देणं असल्याची तुमच्या सहीची लेखी कबुली मुदतीत मिळाली की घड्याळ नव्यानं सुरू होतं. थोडी रक्कम भरून सोबत तसा मेल केला तरी तोच परिणाम. व्हॉट्सअ‍ॅपवर "हो सर, करतो लवकरच" असं लिहिणं मला म्हणूनच आवडत नाही. "तीन वर्षं झाली, सुटलो" असंही धरून चालू नका. चुकीनं दिलेल्या पैशांत, चूक लक्षात आल्यापासून, किंवा नीट बघितलं असतं तर लक्षात यायला हवी होती तेव्हापासून मुदत मोजली जाते.

पत्र फाडून टाकणं किंवा उत्तरच न देणं हाही मार्ग नाही. उत्तर दिलं नाही की पुढची नोटीस वकिलाची येते आणि तिच्यात वकिलाची फीसुद्धा लावलेली असते.

काय उत्तर द्यायचं

मी जो मजकूर लिहून देते तो असा:

"आपले दि. ____ चे पत्र मिळाले. जादा वेतनाची रक्कम कशी काढली आहे हे पत्रावरून समजत नाही. कृपया पुढील कागद पाठवावेत: संबंधित महिन्याचे हजेरीपत्रक, त्या महिन्याची मूळ पगार स्लिप, दुरुस्त पगार स्लिप आणि माझा अंतिम हिशेब, त्यात शिल्लक रजा व इतर येणी धरून. कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मी लेखी उत्तर देईन. हे पत्र म्हणजे कोणतीही रक्कम देणे असल्याची कबुली समजू नये."

एवढंच. मेलवर पाठवा आणि तोच कागद स्पीड पोस्टानंही पाठवा, पावती जपून ठेवा. भाषेत राग नको. "तुम्ही मला किती छळलंत" हे सगळं खरं असेल, पण त्याचा या कागदाशी संबंध नाही. ऑफिसात मी दोन्ही प्रकारची पत्रं बघितली आहेत. रागाचं पत्र साहेबांच्या टेबलावरून थेट वकिलाकडे जातं, आणि हिशेब मागणारं पत्र पगाराच्या क्लार्ककडे येतं. आपल्याला ते क्लार्ककडेच यायला हवंय.

तेवढ्यात आपले कागद काढा. शेवटच्या वर्षभराच्या पगार स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, नेमणूक पत्र, राजीनाम्याचा मेल, रिलीव्हिंग लेटर म्हणजे कार्यमुक्तीचं पत्र, पीएफचं पासबुक. कंपनीचं लॉगिन बंद झालं असेल तर स्लिपा त्याच पत्रात मागून घ्या. रिलीव्हिंग लेटरमधली तारीख आणि वाक्य दोन्ही नीट वाचा. त्याचं कारण पुढे येईल.

माझ्या भाच्याचा हिशेब

नुसतं सांगून कळत नाही म्हणून एक पत्र पूर्ण सोडवून दाखवते. भाचा मिरजेकडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. पगार एकूण ३४,१०० रुपये. १४ ऑक्टोबर हा शेवटचा दिवस. पगार मात्र पूर्ण ऑक्टोबरचा जमा झाला. त्याला वाटलं, शिल्लक रजेचे पैसे आले असतील. पुढच्या जूनमध्ये पत्र आलं, ५७,४१६ रुपये भरा. मला फोन केला, "मावशी, माझा पगारच चौतीस हजार, मग जादा सत्तावन्न कसे गेले?" प्रश्न अगदी बरोबर होता.

कागद मागितले तेव्हा आकडा तीन तुकड्यांत फुटला. जादा १७ दिवसांचा पगार २२,२९६. पीएफ, कंपनी हिस्सा, १,०२०. नोटीस पे, म्हणजे पूर्ण नोटीस न देता सोडल्याबद्दलची रक्कम, ३४,१००.

आधी १७ दिवस घेऊ. १५ ते ३१ ऑक्टोबर, दिवस बरोबर आहेत. पण २२,२९६ला १७नं भागलं तर दिवसाला १,३११ रुपये येतात, म्हणजे त्यांनी पगार २६नं भागलाय. आता त्याची ऑगस्टची स्लिप काढली. ऑगस्टमध्ये त्याची एक बिनपगारी पडली होती आणि तेव्हा कापले होते ११०० रुपये. ३४,१०० भागिले ३१ म्हणजे बरोबर ११००. कापताना महिन्याचे ३१ दिवस धरले, वसुली करताना २६ धरले, आणि गुणताना मात्र साप्ताहिक सुट्ट्यांसकट सगळे १७ दिवस घेतले. २६नं भागायचं असेल तर सुट्ट्या वगळून गुणायचं, ३१नं भागायचं असेल तर सगळे दिवस. अर्धं इकडचं आणि अर्धं तिकडचं चालत नाही. ११०० गुणिले १७, म्हणजे १८,७००. हा खरा आकडा. ऑगस्टच्या स्लिपची झेरॉक्स उत्तराला जोडली, दुसरा पुरावा लागलाच नाही.

मग पीएफ. पगारातल्या ज्या भागावर पीएफ कापतात त्या १५,५०० रुपयांवर १२ टक्क्यांनी पूर्ण महिन्याचे १,८६० कापून भरले होते. १४ दिवसांचे ७,००० धरले तर ८४० व्हायला हवे होते. फरक १,०२० रुपयांचा. हे त्याच्या पगारातून गेलेले पैसे, बँकेत आले नाहीत पण त्याच्याच पीएफ खात्यात पडलेत, त्यामुळे ते १८,७००मध्ये धरायला आमची हरकत नव्हती. पत्रात मागितले होते ते मात्र कंपनीच्या हिश्शाचे १,०२०. कंपनीचा हिस्सा कामगाराकडून वसूल करता येत नाही. जास्त भरला गेला असेल तर तो पीएफ ऑफिसकडे दुरुस्त करून घ्यायचा विषय आहे. तो आकडा खोडला. व्यवसाय कराचे २०० रुपये दोन्हीकडे सारखेच राहिले, कारण १४ दिवसांचा पगारही दहा हजारांच्या वरच होता.

नोटीस पे हा तर जादा पगारच नव्हे. नेमणूक पत्रात एक महिन्याची नोटीस होती हे खरं. पण त्याच्या रिलीव्हिंग लेटरमध्ये लिहिलं होतं की विनंतीनुसार राजीनामा मंजूर करून १४ ऑक्टोबरला कार्यमुक्त करण्यात येत आहे, कंपनीचे कोणतेही येणे नाही. स्वतःच सोडायचं, तसा कागद द्यायचा, आणि आठ महिन्यांनी त्याचेच पैसे मागायचे! तुमच्या कागदात असं वाक्य नसेल आणि नोटीस खरंच अपुरी दिली असेल तर मात्र ते येणं असू शकतं. तेव्हाही ते वेगळं मांडायला लावा. ट्रेनिंगचा बाँड, युनिफॉर्म, हेल्मेट, आयडी कार्ड, सगळं एकाच आकड्यात कालवलेलं असतं. ज्याला जादा पगार म्हणतात तेवढंच आधी बाजूला काढायचं.

शेवटी जे कंपनी विसरली ते. नऊ दिवसांची हक्काची रजा शिल्लक होती. कायद्याप्रमाणे नोकरी सोडताना तिचे पैसे मिळतात. ९,९००. १८,७००तून ते वजा केले, उरले ८,८००. दोन हप्त्यांत, ४,४०० आणि ४,४००, असे त्यानं भरले. सत्तावन्न हजारांचे आठ हजार आठशे झाले आणि यात कुणी आवाज चढवला नाही. कंपनीच्या क्लार्कनं एक मेल पाठवला, "आपला हिशेब मान्य." भाचा म्हणाला, "एवढंच?" म्हटलं, एवढंच.

पगारातून टीडीएस जात असेल तर

टीडीएस म्हणजे पगारातून आधीच कापला जाणारा आयकर. इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. समजा एक पूर्ण महिना जादा गेला. स्लिपवर ९०,०००, पण त्यातून १०,००० टीडीएस, १,८०० पीएफ, २०० व्यवसाय कर गेला आणि बँकेत आले ७८,०००. कंपनी मागणार ९०,०००. हातात न आलेले पैसे परत कसे द्यायचे?

टीडीएस तुमच्या नावावर सरकारकडे जमा आहे, २६एएस या आयकराच्या उताऱ्यात दिसतो. सरळ वाट अशी: हातात आलेले ७८,००० आणि तुमच्या पीएफ खात्यात पडलेले १,८०० तुम्ही द्या. कंपनीनं आपलं टीडीएसचं विवरणपत्र दुरुस्त करून तो पगार आणि तो टीडीएस दोन्ही काढून टाकावेत, आणि फॉर्म १६, म्हणजे पगार आणि टीडीएसचा दाखला, नवा द्यावा. त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे मार्चच्या आत हे झालं तर त्यांना फारसं अवघड नसतं. मार्च उलटला की ते टाळाटाळ करतात. तुम्ही पूर्ण ९०,००० भरायचे आणि फॉर्म १६वर मात्र तो पगार तसाच राहायचा, याला कबूल होऊ नका. न मिळालेल्या उत्पन्नावर तुम्हालाच कर बसतो. तुमचं रिटर्न आधीच भरून झालं असेल किंवा परतावा येऊन गेला असेल तर आकडे बदलतात. त्या वेळी सीएकडे जा, त्याची फी इथे वसूल होते.

कंपनी काय करू शकते आणि काय नाही

नोकरीत असताना जादा गेलेला पगार पुढच्या पगारातून कापायला कायद्याची परवानगी आहे. आधी १९३६च्या वेतन अदायगी कायद्यात होती, आता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. पण एका महिन्यातली एकूण कपात पगाराच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नये. त्याच संहितेत आणखी एक कामाची गोष्ट आहे. राजीनामा दिला तरी शेवटचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. म्हणजे "जादा गेलेल्याचा हिशेब लागेपर्यंत तुमचं सगळंच अडकवून ठेवतो" हे चालणार नाही. तुमचंच येणं अडकलं असेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो. सांगली आणि सातारा दोन्हीकडे हे कार्यालय आहे.

नोकरी सुटल्यावर कंपनीच्या हातात कापायला पगारच उरत नाही. मग ती मागू शकते, नोटीस देऊ शकते, दिवाणी दावा लावू शकते. नव्या कंपनीला फोन करून "याच्या पगारातून कापा" म्हटलं तर नव्या कंपनीला तसं कापता येत नाही. पीएफची शिल्लक असल्या देण्यापोटी अडवता येत नाही. ग्रॅच्युइटी जप्त करायची कारणं कायद्यात मोजकी आहेत, आणि सगळी कामगाराच्या गैरवर्तनाची किंवा त्यानं केलेल्या नुकसानीची आहेत. टाइम ऑफिसच्या चुकीनं गेलेला पगार त्यात बसत नाही.

"पोलिसांत देऊ" या धमकीनं आयांची झोप उडते. तुम्ही खोटा ओव्हरटाइम लावला नसेल, खोटे कागद दिले नसतील, तर कंपनीच्या चुकीनं खात्यात आलेला पैसा हा दिवाणी मामला आहे. फौजदारी भानगड तुम्ही स्वतः तयार करू शकता ती एकाच प्रकारे: पुढच्या तारखांचे चेक देऊन. हप्ते ठरले की कंपनी हमखास चेक मागते. चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागतं, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या दुपटीपर्यंत दंड आहे. साध्या देण्याचा असा खटला करून घेऊ नका. हप्ता बँकेतून ट्रान्सफर करा, चेक देऊ नका.

व्याज मागितलं असेल, आणि १८ टक्के लिहायची लोकांना फार हौस असते, तर कुठल्या अटीनुसार ते विचारा. चूक त्यांची, उशीर त्यांचा, मग व्याज आपण का द्यायचं? बहुतेक वेळा हा प्रश्न विचारला की व्याज गळून पडतं.

वकिलाची नोटीस आली तर वकिलाकडूनच उत्तर द्या. खर्चाची भीती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालयात, साताऱ्यातही जिल्हा न्यायालयात. महिलांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो. एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या माणसांनाही हे ठाऊक नसतं. दावा लागायच्या आधीच प्रकरण लोक अदालतीत मिटवायची सोयही तिथे आहे.

सरकारी आणि जिल्हा परिषदेची माणसं

व्हॉट्सअ‍ॅपवर एक निकाल फिरतो, "सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, जादा पगार परत करायचा नाही." निकाल खरा आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह, १८ डिसेंबर २०१४. पण तो सरकारी नोकरांच्या प्रकरणांत दिलेला आहे. खासगी कारखान्यातल्या पोरानं तो एचआरला पाठवून उपयोग नाही.

सरकारी नोकरीत मात्र तो फार कामाचा आहे. निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं, आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकली म्हणून दोन-तीन लाखांची वसुली निघते. त्या निकालात न्यायालयानं वसुली करू नये असे प्रसंग सांगितलेत: वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वसुलीच्या आदेशानंतर वर्षभरात निवृत्त होणारे, आदेशाच्या आधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम जात राहिली असेल तर, वरच्या पदाचं काम चुकीनं करायला लावून त्याचा पगार दिला असेल तर, आणि वसुली फारच अन्यायाची होईल अशी इतर प्रकरणं. २ मे २०२२ रोजी केरळच्या एका शिक्षकाच्या प्रकरणातही न्यायालयानं निवृत्तीनंतरची वसुली रद्द केली. त्यांनी काही लपवलं नव्हतं, चूक हिशेब करणाऱ्यांची होती.

यात एक खाच आहे. वेतन आयोगाचा विकल्प देताना "जादा रक्कम निघाल्यास परत करीन" असं हमीपत्र घेतात. २९ जुलै २०१६च्या जगदेव सिंग प्रकरणात न्यायालयानं असं हमीपत्र दिलेल्या निवृत्त अधिकाऱ्याकडून वसुली होऊ दिली. म्हणून निकालाची प्रत काढायच्या आधी सेवापुस्तकात ते हमीपत्र आहे का ते बघा. असलं तरी लगेच हातपाय गाळू नका. तो माणूस वरच्या दर्जाचा अधिकारी होता, वर्ग तीनच्या शिक्षकाचं प्रकरण वेगळ्या तऱ्हेनं मांडता येतं, आणि ते मांडायला सेवाविषयक कामं करणारा वकीलच हवा. राज्य सरकारी कर्मचारी मॅटकडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, जातात, जिल्हा परिषदेचे उच्च न्यायालयात. ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्यात आहेत, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या. निवृत्तीच्या वयात ही गोष्ट लहान नाही.

पैसे भरायचे ठरले की

हप्ता तुम्ही सुचवा, त्यांनी सुचवायची वाट बघू नका. नव्या पगारातून घरभाडं आणि कर्जाचा हप्ता गेल्यावर जे उरतं त्याच्या बेतानं सांगा, आणि एकदा सांगितलं की चुकवू नका. भरायच्या आधी कंपनीकडून एक ओळ लेखी घ्या: एवढी रक्कम इतक्या हप्त्यांत भरल्यावर दोन्ही बाजूंचा संपूर्ण हिशेब मिटेल. "संपूर्ण" हा शब्द त्यात हवाच, नाहीतर वर्षभरानं हेल्मेटचे पैसे निघतात. शेवटचा हप्ता गेला की येणेबाकी नसल्याचं पत्र मागा. ट्रान्सफर करताना नोंदीत "जादा वेतन परत, ऑक्टोबर" असं लिहा.

आणि पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख बघा. हे कुणी बघत नाही. पूर्ण ऑक्टोबरचा भरणा झालेला, म्हणून भाच्याची बाहेर पडल्याची तारीख ३१ ऑक्टोबर पडली होती, आणि नव्या कंपनीत तो १६ तारखेलाच रुजू झालेला. दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या की पुढे पीएफ ट्रान्सफर अडकू शकतो. तारीख दुरुस्त करून घ्यायची ती कंपनीकडूनच, आणि त्यांना तुमची गरज आहे तोवरच ती लवकर होते. म्हणून पहिला हप्ता पाठवतानाच हे मागणं मेलमध्ये लिहा, दुसरा हप्ता पाठवायच्या आधी झालंय का ते तपासा.